फळा, टपाल आणि वाचनखूण

संगणकाच्या इतिहासावर लिहिणारे बहुतेक लोक यंत्रांबद्दल लिहितात. अमुक साली अमुक यंत्र आले, ते खोलीएवढे होते, आता ते खिशात मावते वगैरे. मला त्यात फारसा रस नाही, आणि खरे सांगायचे तर तेवढी गतीही नाही. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. त्या यंत्रांमधून माणसे एकमेकांशी कशी बोलू लागली, हे मला जास्त जवळचे वाटते.

म्हणून आज एका छोट्या, जवळजवळ विस्मरणात गेलेल्या गोष्टीबद्दल लिहिते आहे. घरगुती संगणकावर चालणाऱ्या सूचनाफलकाच्या प्रोग्राममध्ये बाहेरच्या जगातले न्यूजग्रुप वाचायची सोय कशी आली, त्याची ही हकीकत. विषय रुक्ष वाटेल. पण जरा धीर धरा, यात माणसांचीच गोष्ट आहे.

सुरुवात शिकागोत होते. १९७८ च्या जानेवारीत तिथे भयंकर बर्फ पडला. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस हे तिथल्या हौशी संगणकप्रेमींच्या मंडळाचे दोन सभासद. मंडळाच्या सभेत एक बुचाचा फलक असे. "पुढच्या सभेला यायला गाडीत जागा हवी आहे", "अमुक सुटा भाग विकायचा आहे" अशा चिठ्ठ्या सभासद त्यावर टाचणीने लावत. हाच फलक फोनवरून वाचता आला तर? बर्फामुळे घरात अडकलेल्या या दोघांनी ते मनावर घेतले. क्रिस्टेन्सन यांनी प्रोग्राम लिहिला, स्यूस यांनी यंत्राची जोडणी केली. १६ फेब्रुवारी १९७८ ही त्या फलकाची जन्मतारीख मानतात. नाव अगदी साधे, 'संगणकीकृत सूचनाफलक यंत्रणा'. इंग्रजी आद्याक्षरे घेऊन सीबीबीएस.

यंत्र स्यूस यांच्या घरी ठेवले, कारण ते शहरात राहत आणि शहरातल्या शहरात फोन स्वस्त पडे. फोन वाजला की यंत्र जागे होई. एका वेळी एकच माणूस आत येणार. त्याने वाचायचे, दोन ओळी लिहायच्या आणि फोन ठेवायचा, म्हणजे दुसऱ्याचा फोन लागेल. वेग किती? सेकंदाला साधारण ३० अक्षरे. चोवीस ओळींचा, ऐंशी अक्षरांचा पूर्ण पडदा भरायला मिनिटाहून जास्त वेळ. मी वर्गात फळ्यावर लिहायचे त्यापेक्षा वेग जास्त होता खरा, पण फार जास्त नव्हे. :)

पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत असे हजारो फलक उभे राहिले. कोणाच्या तळघरात, कोणाच्या झोपायच्या खोलीत. फलक ज्याच्या घरी असे त्याला सिस्टिम ऑपरेटर, थोडक्यात सिसॉप म्हणत. हा सिसॉप म्हणजे पाराचा मालक, चहा पाजणारा, भांडणे सोडवणारा आणि विजेचे बिल भरणारा, सगळे एकच. नवा माणूस आला की कित्येक सिसॉप त्याला स्वतः फोन करत, नाव विचारत, आणि मगच लिहायची परवानगी देत. फलकावर पन्नास-शंभर माणसे, बहुतेक एकाच गावातली. कोण चिडका, कोण विनोदी, कोण फुकट मदत करणारा हे सर्वांना ठाऊक.

आता दुसरीकडे वळू. फलक सुरू झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७९ साली, नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस हे दोन विद्यार्थी वेगळ्याच विवंचनेत होते. त्या काळी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने चालणारे अर्पानेट नावाचे जाळे होते, पण ते ठराविक संस्थांपुरतेच. बाकीच्यांनी काय करायचे? युनिक्स या प्रणालीत एका यंत्राने दुसऱ्याला फोन लावून फायली पाठवायची सोय नुकतीच आली होती. तिचे नाव यूयूसीपी. तिच्यावरच बातम्यांची देवाणघेवाण करायची असे त्यांनी ठरवले. शेजारच्या चॅपल हिल इथल्या विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविन यांनी पहिला कच्चा प्रोग्राम लिहिला, आणि १९८० च्या जानेवारीत युनिक्स वापरणाऱ्यांच्या परिषदेत ही कल्पना जाहीर झाली. हेच यूझनेट. त्याला गमतीने 'गरिबांचे अर्पानेट' म्हणत. दिवसाला एखाददुसरा लेख येईल असा या मंडळींचा अंदाज होता!

फलक आणि यूझनेट यांतला फरक नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. फलकावरचा मजकूर एकाच घरी असतो, तो वाचायला तुम्ही त्या घरी जाता. यूझनेटचे तसे नाही. तिथे प्रत्येक यंत्राकडे सगळ्या मजकुराची स्वतःची प्रत असते. ड्यूकमध्ये लिहिलेले पत्र रात्री फोनवरून शेजारच्या यंत्राकडे जाते, ते पुढच्याला देते, तो त्याच्या पुढच्याला. शाळेत सूचनावही वर्गावर्गांत फिरते तसे. फक्त इथे प्रत्येक वर्ग त्या वहीची नक्कल करून ठेवतो. एकाच यंत्राकडे दोन शेजाऱ्यांकडून तेच पत्र आले तर? म्हणून प्रत्येक पत्राला जगात एकमेव असा ओळखक्रमांक दिलेला. तो आधी येऊन गेला असेल तर दुसरी प्रत टाकून द्यायची. मध्यवर्ती कार्यालय नाही, मालक नाही, अध्यक्ष नाही. विषयवार गट तेवढे पाडलेले. तेच न्यूजग्रुप.

थोडक्यात, एक होता गावचा फळा आणि दुसरे होते गावोगाव फिरणारे टपाल. फळ्याच्या लोकांना टपालाची ओढ लागणे अगदी स्वाभाविक होते. गावातल्या पन्नास जणांशी बोलून झाल्यावर एखाद्या दुर्मिळ आजाराबद्दल, एखाद्या जुन्या यंत्राबद्दल किंवा दूरच्या देशाबद्दल विचारायचे तर कोणाला विचारणार? पण यूझनेटचे दार विद्यापीठात किंवा मोठ्या कंपनीतच उघडत असे. गॅरेजात काम करणाऱ्या माणसाला किंवा शाळेतल्या मुलाला तिथे प्रवेश कुठला?

फलकवाल्यांनी आधी स्वतःचेच टपाल सुरू केले. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी फिडोनेट उभे केले. त्यांचा आणि बाल्टिमोरचा एक, अशा दोन फलकांपासून आरंभ. रात्री फोनचे दर उतरले की फलक एकमेकांना फोन लावून पत्रे देत-घेत. १९८६ मध्ये डॅलसच्या जेफ रश यांनी 'एकोमेल' आणले. त्यात एका फलकावर लिहिलेले पत्र विषयानुसार इतर फलकांवरही उमटू लागले. फिडोनेटच्या नियमावलीतला एक नियम मला फार आवडतो. त्याचा आशय असा, की कोणाला फार त्रास देऊ नये, आणि कोणामुळे स्वतःला फार त्रासही करून घेऊ नये. हे वाक्य मी वर्गात लावले असते!

फिडोनेट आणि यूझनेट ही दोन टपाले शेजारी शेजारी धावत होती, पण एकमेकांना भेटत नव्हती. १९८७ साली रिक अ‍ॅडम्स यांनी यूयूनेट ही संस्था काढली, आणि विद्यापीठाशी संबंध नसलेल्यालाही वर्गणी भरून यूझनेटचे टपाल घेता येऊ लागले. त्याच सुमारास टिम पोझार, गॅरी पॅक्सिनोस आणि जॉन गॅल्विन यांनी यूएफगेट नावाचा प्रोग्राम केला, तो फिडोनेट आणि यूझनेट यांच्यात दुभाष्याचे काम करी. टॉम डेल यांचा वॅफल हा फलकाचा प्रोग्राम आणखी पुढे गेला. त्यात यूयूसीपी आणि न्यूजग्रुप वाचण्याची सोय आतच होती. घरातल्या साध्या डॉसच्या यंत्रावर फलक चालवणारा माणूस आता आपल्या सभासदांना जगाचे न्यूजग्रुप वाचायला देऊ शकत होता.

इथपर्यंत ऐकताना सोपे वाटते, एका नळाला दुसरा नळ जोडला, झाले. पण प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या पुढ्यात खरे प्रश्न वेगळेच होते, आणि मला वाटते तीच यातली सगळ्यात सुरस गोष्ट आहे.

पहिला प्रश्न वाचनखुणेचा. फलकावर पत्रांना ओळीने क्रमांक असत: १, २, ३... प्रत्येक सभासदासाठी प्रोग्राम एकच आकडा लक्षात ठेवी, की याने ३१७ पर्यंत वाचले आहे. पुढच्या वेळी आला की ३१८ पासून दाखवायचे. पुस्तकात मोराचे पीस ठेवावे तसे. लोक फलकावरचे सगळेच वाचत, कारण रोज येऊन येऊन पत्रे किती येणार? वीस-पंचवीस.

न्यूजग्रुपना ही एका आकड्याची खूण पुरेना. तिथे एकेका गटात रोज शेकडो लेख. कोणीही सगळे वाचत नाही. मधले दहा वाचायचे, वीस सोडायचे, मग पुन्हा एक. शिवाय टपाल वेड्यावाकड्या क्रमाने येई, म्हणजे उत्तर आज आले आणि मूळ प्रश्न परवा, असेही होई. म्हणून युनिक्सच्या वाचनप्रोग्रामांनी दुसरी पद्धत काढली होती. प्रत्येक वाचकाची एक छोटी वही. तिच्यात गटाच्या नावापुढे "१ ते ४५२३, आणि ४५३०" अशी वाचलेल्या लेखांची नोंद. १९८४ साली लॅरी वॉल यांनी 'आरएन' नावाचा जो वाचनप्रोग्राम दिला त्यात तर आणखी एक शहाणपणा होता. एकच लेख चार गटांत टाकलेला असेल आणि तुम्ही तो एका गटात वाचला, तर बाकी तिन्ही गटांतही तो वाचलेला धरायचा. वाचकाचा वेळ वाचवायचा, एवढाच हेतू.

आता हे फलकाच्या प्रोग्राममध्ये बसवायचे, तर शंभर सभासदांच्या शंभर वह्या, आणि प्रत्येकीत शेकडो गट. शिवाय गोम अशी, की लेखाचा क्रमांक हा त्या त्या यंत्राचा स्वतःचा असतो. जो लेख माझ्याकडे ४५२३ वा, तो तुमच्याकडे ९१० वा. उद्या यंत्र बिघडले आणि साठा नव्याने भरला, की क्रमांक बदलले आणि सगळ्यांच्या वाचनखुणा खोट्या पडल्या. कायम टिकणारा असतो तो फक्त जगात एकमेव असलेला लांबलचक ओळखक्रमांक. म्हणजे बाहेरच्या जगासाठी एक नाव आणि घरासाठी एक आकडा, दोन्ही सांभाळायचे. कागदोपत्री एक नाव आणि घरी हाक मारायचे दुसरे. हे आपल्याला काही नवे नाही!

दुसरा प्रश्न जागेचा. त्या वेळच्या घरगुती यंत्राच्या डिस्कवर वीस-चाळीस मेगाबाइट जागा. डॉसमध्ये फाइल कितीही लहान असली तरी ती ठराविक जागा अडवतेच. हजारो छोटे लेख म्हणजे अर्धी जागा वायाच. डॉसला फाइलीचे नाव आठ अक्षरांपेक्षा मोठे चालत नसे, आणि न्यूजग्रुपांची नावे तर 'सोक डॉट कल्चर डॉट इंडियन' अशी लांबलचक, म्हणून त्यांचीही काटछाट. टपाल आणायलाही वेळ लागे. २४०० च्या मोडेमवर एक मेगाबाइट मजकूर यायला सव्वा तासाच्या आसपास, म्हणून मजकूर आधी दाबून लहान करत आणि रात्री मागवत. त्यातही सिसॉपला निवडच करावी लागे, की कोणते गट घ्यायचे आणि कोणते नाहीत. आणलेले लेखही कायम ठेवता येत नसत. सात दिवस, दहा दिवस, आणि मग फळा पुसायचा.

तिसरा प्रश्न वाचकाच्या वेळेचा. एकच फोन, म्हणून प्रत्येकाला दिवसाला तीस-चाळीस मिनिटे दिलेली. एवढ्या वेळात शेकडो लेख कसे चाळणार? म्हणून आधी नुसते विषय दाखवायचे आणि त्यातून निवडू द्यायचे. लेखाच्या डोक्यावर तो कुठून कुठे गेला याचे जे पाल्हाळ असे ते झाकायचे. एका प्रश्नाची सगळी उत्तरे एकाखाली एक लावायची. काही ठिकाणी पत्रांचा सगळा गठ्ठा एकदम उतरवून घ्यायचा, फोन ठेवायचा आणि घरी निवांत वाचायचा, अशीही सोय झाली. उत्तरे लिहून दुसऱ्या दिवशी तो गठ्ठा परत द्यायचा. वाचनालयातून पुस्तक घरी न्यावे तसेच हे.

आणखी एक वाट १९८६ च्या फेब्रुवारीत मोकळी झाली होती. ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांनी एनएनटीपी नावाची भाषा ठरवून दिली. तिच्यामुळे साठा आपल्या घरी ठेवायची गरजच उरली नाही. दूरच्या साठ्याला विचारायचे, "अमुक गट उघड", "अमुक लेख दे", "पुढचा दे", आणि तो देणार. पण त्यासाठी कायमची जोडणी लागे. घरगुती फलकांना ती परवडायला १९९० चे दशक उजाडावे लागले.

चौथा प्रश्न लिहिण्याचा. माझ्या मते हा सगळ्यात मोठा प्रश्न, आणि तो तंत्राचा नव्हताच.

फलकावर लिहिलेले गावातले पन्नास जण वाचत. न्यूजग्रुपात लिहिलेले हजारो यंत्रांवर जाई, आणि त्यासाठी कोणाकोणाच्या फोनची बिले वाढत. आरएनबरोबर लेख पाठवण्याचा जो प्रोग्राम येई, तो पाठवण्याआधी बजावत असे, की तुमचा मजकूर जगभरातल्या हजारो यंत्रांवर जाणार आहे, त्याचा खर्च शेकडो किंवा हजारो डॉलर असू शकेल, तेव्हा पाठवायचाच आहे का याची खात्री करा. कल्पना करा! आज कोणी पाठवण्यापूर्वी असे विचारले तर निम्मे निरोप थांबतील.

फलकाच्या प्रोग्रामलाही आपल्या सभासदाला हा फरक समजावून द्यावा लागे. हे पत्र गावापुरते की जगासाठी? फलकावर लोक टोपणनावाने वावरत, न्यूजग्रुपात खऱ्या नावाने लिहायचा रिवाज होता. फलकावर आपापसातली थट्टा चाले, तीच बाहेर गेली की उद्धटपणा ठरे. म्हणून बरेच सिसॉप नव्या माणसाला आधी फक्त वाचू देत. थोडे दिवस गेले, रीतभात कळली, की मग लिहायला परवानगी. तरीही कोणी वेडेवाकडे लिहिलेच, तर टपाल देणाऱ्या शेजारच्या यंत्राचा माणूस सिसॉपला जाब विचारी. ऐकले नाही तर टपाल बंद! म्हणजे प्रत्येक लिहिणाऱ्याच्या मागे त्याला ओळखणारा आणि त्याच्याबद्दल उत्तर देणारा एक माणूस उभा होता. प्रोग्राममध्ये सोय कितीही चांगली असो, ती चालली ती या माणसामुळे.

मराठीचा या सगळ्याशी संबंध काय, असे तुम्ही विचाराल. आहे, थोडा आहे. १९८६ साली आपल्या सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. त्यात मुंबईला जुहूची एनसीएसटी ही संस्था, आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था होती. डॉ. श्रीनिवासन रमणी यांच्या पुढाकाराने एनसीएसटीतून फोनवरून परदेशाशी दुवा जोडला गेला. सामान्य माणसाला मात्र इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्याआधी मुंबईसारख्या शहरांत थोडे हौशी फलक होते, पण ज्या देशात फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, तिथे फोनवर चालणारा फलक घरोघरी कसा पोहोचणार?

तिकडे परदेशी शिकायला गेलेल्या मराठी मुलांना मात्र न्यूजग्रुपांनी मोठा आधार दिला. भारतीयांचा गट होता, आणि पुढे १९९० च्या दशकात मराठीचा स्वतंत्र गटही झाला. माझा भाचा तेव्हा अमेरिकेत होता. (आपल्यातल्या पुष्कळांना तो कोण ते ठाऊक आहे.) रात्री प्रयोगशाळेतले काम संपले की तो गट उघडून बसायचा. एकदा त्याने त्यातली काही पाने छापून पाठवली होती. विषय काय, तर पुरणपोळीला तिकडे कोणती डाळ वापरावी, संकष्टीचा चंद्रोदय तिथल्या वेळेप्रमाणे कधी, आणि एका नाट्यगीताचा अंतरा कोणाला आठवतो का. सगळे मराठी, पण रोमन लिपीत! कारण त्या टपालात इंग्रजी अक्षरेच धड जात. पुढे अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्सने रोमनमध्ये लिहिलेले देवनागरीत उतरवायची सोय केली. ती पाने वाचताना मला पहिल्यांदा कष्ट पडले, मग सवय झाली. मात्रा-वेलांट्यांचा पत्ता नव्हता, पण माणसे अस्सल होती.

आता शेवटचा, आणि मला सगळ्यात विचार करायला लावणारा भाग. अमेरिकेत विद्यापीठांचे वर्ष सप्टेंबरच्या आसपास सुरू होते. दरवर्षी त्या महिन्यात नवे विद्यार्थी यूझनेटवर येत, काहीबाही विचारत, नको तिथे नको ते लिहीत. जुने लोक रागावत, समजावत, आणि एखाद-दोन महिन्यांत नवे लोक सरावत. हे चक्र दहाबारा वर्षे चालले. मग १९९३-९४ मध्ये मोठ्या व्यापारी सेवांनी आपल्या प्रोग्राममध्ये न्यूजग्रुप वाचायची आणि लिहायची सोय घातली. १९९४ च्या मार्चमध्ये अमेरिका ऑनलाइनने आपल्या लाखो ग्राहकांना हे दार उघडले. सोय तीच, जी वॅफलने आधीच दिली होती. पण आता दारात सिसॉप नव्हता. नवे लोक वर्षातून एकदा नव्हे, रोज येऊ लागले. डेव्ह फिशर नावाच्या एका वाचकाने १९९४ च्या जानेवारीतच लिहिले होते, की १९९३ चा सप्टेंबर न संपलेला महिना म्हणून ओळखला जाईल. तेव्हापासून 'न संपणारा सप्टेंबर' हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्याच एप्रिलमध्ये अ‍ॅरिझोनातल्या दोन वकिलांनी हजारो गटांत एकच जाहिरात टाकली, आणि नको असलेल्या जाहिरातींचे युग सुरू झाले.

या 'सप्टेंबर'बद्दल जुने लोक फार कडवट लिहितात. नवे अडाणी आले आणि आमचे घर बिघडवले, असा सूर. मला तो पटत नाही. आमच्याकडे सप्टेंबराऐवजी जून. पस्तीस जून मी वर्गात काढले. पाचवीत आलेले पोर पहिल्या आठवड्यात गोंधळ घालणारच, त्यात त्याचा दोष नसतो. दोन गोष्टींनी ते सुधारते. एक म्हणजे वर्गातली जुनी मुले, आणि दुसरी म्हणजे त्याचे नाव ठाऊक असलेली बाई. पन्नासच्या वर्गात दहा नवी मुले आली तर दिवाळीपर्यंत ती वर्गाची होतात. पण पन्नासच्या वर्गात एकदम पाच हजार आली आणि बाईच नसली, तर त्याला मुलांचा अडाणीपणा म्हणायचे की व्यवस्थेचा?

फलकांतून आलेले लोकही विद्यापीठवाल्यांच्या दृष्टीने उपरेच होते. गॅरेजातले कामगार, शाळकरी मुले, निवृत्त माणसे. तेही आले, थोडे अडखळले आणि रुळले, कारण त्यांना कोणीतरी हाताला धरून आणले होते. दारे उघडायलाच हवीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. विद्यापीठाच्या कुंपणात ज्ञान कोंडून ठेवण्यापेक्षा गोंधळ परवडला. पण दार उघडणाऱ्याने दारात थोडा वेळ उभे राहायला हवे, एवढेच माझे म्हणणे. वाचण्याची सोय प्रोग्राममध्ये घालता येते, वाचनखूणही घालता येते. "ये, बस, आधी थोडे ऐक" असे म्हणणारे माणूस मात्र प्रोग्राममध्ये घालता येत नाही. ते घरात असावे लागते.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. इंटरनेट घरोघरी आले तसे फोनवरचे फलक एकेक बंद पडत गेले. ड्यूक विद्यापीठाने, म्हणजे जिथे हे टपाल जन्मले तिथेच, २०१० साली आपला यूझनेटचा साठा बंद केला. रँडी स्यूस २०१९ मध्ये गेले, वॉर्ड क्रिस्टेन्सन २०२४ मध्ये. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने आपल्या ग्रुप्समध्ये यूझनेटचे नवे लेख घेणे थांबवले. तरी सगळे संपलेले नाही. यूझनेट आजही चालू आहे, आणि सिंक्रोनेट नावाचा १९९० च्या दशकातला फलकाचा प्रोग्राम अजूनही जोपासला जातो आहे. त्यात फलकावरची पत्रे आणि न्यूजग्रुप एकमेकांना जोडायची सोय आहे. फळा आणि टपाल अजून एकमेकांशी बोलतात.

आणि एका माणसाचे ऋण मात्र मानायला हवे. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संगणक सांभाळणाऱ्या हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासून दहा वर्षे यूझनेटचे टपाल पुसून टाकण्याआधी चुंबकीय फितींवर उतरवून ठेवले. १४१ फिती, सुमारे वीस लाख लेख. बाकी सगळ्यांनी दहा दिवसांत फळा पुसला, यांनी तो उतरवून घेतला. २००१ मध्ये ते लेख सर्वांना वाचायला खुले झाले. जगाच्या गप्पा कोणाच्या तरी कपाटात जपून राहिल्या, म्हणून आज आपल्याला त्या काळाबद्दल नक्की काही सांगता येते. इतिहास शिकवताना मी मुलांना नेहमी सांगायची, की बखर लिहिणाऱ्याइतकाच ती कोठीत जपून ठेवणाराही महत्त्वाचा.

असो. लेख लांबला. नातेवाईक मंडळींपैकी ज्यांनी परदेशात असताना त्या न्यूजग्रुपांत रोमन मराठीत काही लिहिले असेल, त्यांनी ते शोधून जरूर वाचावे. आणि छापून ठेवलेली पाने घरात कुठे असतील तर कृपा करून रद्दीत घालू नयेत.